लेफ्टीचे ग्लोव्हज

टेनिस बॉल सोडून लेदर बॉलवर यायचं ठरलं आणि होस्टेलची वर्गणी माझ्या खिशात आली. बॅटिंग ग्लोव्हजचे दोन जोड घ्यायचे होते. दुकानदार काकांनी विचारलं, "राइटी की लेफ्टी?" मला वाटलं, काका उगाच भाव वाढवतायत! म्हटलं, "कुठलेही द्या, स्वस्तातले." दोन्ही राइटी निघाले.

पहिल्याच मॅचला माझ्या डावखुऱ्या रूमपार्टनरच्या डाव्या हातावर बॉल बसला. बोट टम्म सुजलं, आणि दोन दिवसांवर ड्रॉइंग सबमिशन! त्याच्या शीट्स मी काढल्या, बिचारा शेजारी बसून चुका दाखवत होता.

मग ग्लोव्हज नीट पाहिले. बॅटवरचा खालचा हात बॉलला जास्त सामोरा असतो, म्हणून त्या हाताच्या पहिल्या दोन बोटांवर जादा कडक पट्टी असते. लेफ्टीला ती डाव्या हातात हवी. आमच्या जोडांत ती उजवीकडे! जालन्याच्याच डावखुऱ्या विजय झोलने २०११ मध्ये अंडर-१९ मॅचमध्ये आसामविरुद्ध नाबाद ४५१ काढले होते, आणि त्याच गावात मी लेफ्टीला विसरलो.

तिसरा जोड लेफ्टी आणला, साधाच. रेक्झिनचा तळवा घामाने सरकतो, म्हणून आत घालायला सुती इनर घेतले. या वेळी रूमपार्टनरला सोबत नेलं होतं. पैसे मात्र मीच दिले.