तेवढाच उजेड

हस्ताचा पाऊस सरला की मी मामाचा पत्र्याचा डबा उघडतो. आत सिलिका जेलच्या पुरचुंड्या असतात. मृगाच्या तोंडावर भरताना निळे असलेले खडे आता गुलाबी झालेले असतात. अख्खा पावसाळा त्यांनी गुपचूप पिऊन घेतलेला असतो. तव्यावर मंद आचेवर परतले की ते पुन्हा निळे होतात. त्या पुरचुंड्यांच्या मधोमध, धोतराच्या मऊ जुन्या तुकड्यात गुंडाळलेली लेन्स. पहिलं काम म्हणजे ती बॅटरीच्या झोतासमोर धरून आरपार पाहायची. काचेवर बुरशी कडेकडेनं चढते, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे टाकत. या वर्षीही ती आलेली नाही. जिवात जीव येतो.

एवढीशी वस्तू, मुठीत मावणारी. पण सगळी धातूची आणि काचेची, म्हणून हाताला जड लागते. पुढच्या कड्यावर रशियन अक्षरांत नाव कोरलंय, ‘युपिटर-३’. शेजारी दोन उभे खांब आणि वर आडवी तुळई असं एक तांबडं अक्षर. काचेवर परावर्तन कमी करणारा लेप दिला आहे, अशी ती खूण. क्रमांकाचे पहिले दोन आकडे ५८, म्हणजे जन्म १९५८चा. लेन्स तिरकी धरली की आतून जांभळट निळी झाक उठते, पिकल्या जांभळाच्या सालीवर असते तशी.

मामा बोटीवर होता. त्याची मालवाहू बोट काळ्या समुद्रातल्या ओडेसा बंदराला लागली तेव्हा त्यानं तिथून एक झोर्की-४ कॅमेरा आणि ही वापरलेली लेन्स आणली. ‘झोर्की’ म्हणजे तीक्ष्ण नजरेचा. सुट्टीवर आला की तो उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल भरायचा आणि घरातल्या सगळ्यांचे फोटो काढायचा. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या कपाटात झिरोचा बल्ब अहोरात्र जळत असे, दमट हवा आत ठरू नये म्हणून. लहानपणी मला ते कपाट देव्हाऱ्यासारखंच वाटायचं. त्याच्या फटीतून बाहेर पडणारी पिवळी रेघ पाहत मी झोपी जायचो. पुढे कॅमेरा माझ्या हातात देताना त्यानं पहिला धडा दिला, “आधी रीळ फिरव, मग वेग बदल. उलटं केलंस तर यंत्र बिघडेल.” तो क्रम अजून माझ्या बोटांत आहे.

या लेन्सचं मूळ गाव मात्र रशियातलं नाही. लुडविग बेर्टेले हा १९०० साली म्युनिकमध्ये जन्मलेला भिंगतज्ज्ञ. विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे नव्हती. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आसपास त्यानं ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीसाठी अशी लेन्स रचली, की दिव्याच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, बसल्या माणसाचा फोटो निघू लागला. ती लावलेला एर्मानॉक्स कॅमेरा घेऊन एरिख सालोमन हा कायदा शिकलेला गृहस्थ राजकीय परिषदांच्या दालनांत शिरला. १९२८ साली टोपीत कॅमेरा लपवून त्यानं न्यायालयातही फोटो काढले. रात्री उशिरापर्यंत वाटाघाटी करून थकलेले, सिगार विझत आलेले मंत्री जगानं पहिल्यांदा पाहिले ते त्याच्या चित्रांतून. हा सालोमन ज्यू होता. १९४४ मध्ये ऑश्विट्झमध्ये त्याला मारण्यात आलं.

बेर्टेलेनं पुढे १९३२ साली झाइसच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी एफ १.५ची ‘झोनार’ आणली. त्या काळी काचेवर लेप देण्याची रीत रूढ नव्हती. हवा आणि काच जिथे भेटतात त्या प्रत्येक पृष्ठभागावर चार टक्क्यांच्या आसपास उजेड परततो आणि आतल्या आत भटकून चित्रावर धुरकट पडदा धरतो. बेर्टेलेनं सात भिंगं एकमेकांना चिकटवून त्यांचे तीनच गट केले. हवेला लागणारे पृष्ठभाग उरले फक्त सहा. उजेड पुष्कळ आत घ्यायचा आणि तरी काळं ते काळंच ठेवायचं, ही त्याची किमया. महायुद्धानंतर झाइसची यंत्रसामग्री सोव्हिएत संघात गेली आणि झोनारची युपिटर झाली. माझा झोर्की लायकाच्या वंशातला. लायका आणि कॉन्टॅक्स ही एकमेकांशी स्पर्धा करणारी जर्मन घराणी. त्यांची सोयरीक रशियात जुळली आणि संसार कोकणातल्या एका कपाटात झाला.

झोर्कीची खिडकी डोळ्याला लावली की मधोमध एक पिवळसर ठिपका दिसतो. त्या ठिपक्यात समोरचं माणूस दोनदा दिसतं, एक खरं आणि एक जरा बाजूला सरकलेलं, पुसट. लेन्सचं कडं फिरवलं की आतला दांडा हलतो आणि ते पुसट बिंब हळूहळू खऱ्याकडे सरकू लागतं. अंतर मोजण्याची हीच तर आपल्या दोन डोळ्यांची रीत. कपाळावरचं कुंकू दोन दिसत असतं. ते जवळ येतं, एकमेकांना स्पर्श करतं आणि एक होतं. त्या एक होण्याला आवाज नाही, तरी काहीतरी जागच्या जागी बसल्याचं मनगटाला कळतं. हजारो वेळा करूनही मला याचा कंटाळा आलेला नाही.

आरसा असलेल्या कॅमेऱ्यात बटण दाबलं की आरसा वर उठतो आणि नेमका तोच क्षण आपल्याला दिसत नाही. झोर्कीसारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात असा उठणारा आरसा नाही. ज्या क्षणी पडदा उघडतो त्या क्षणीही मी समोरच्याकडे पाहत असतो. फोटो काढताना त्या माणसावरून माझी नजर ढळत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

आमच्या गावच्या विठ्ठलमंदिरात कार्तिकात काकडा असतो. पहाटे चार-साडेचारला, ट्यूबलाइट न लावता. लाकडी खांब, दोन समया, काकड्याची हलती ज्योत आणि पंधरा-वीस माणसं. पुष्कळ वर्षांपूर्वी मी तिथे दुसरा कॅमेरा घेऊन गेलो होतो आणि फ्लॅश उडवला होता. वीणेकरी बुवांचे डोळे गच्च मिटले. अभंग थांबला नाही, पण वीणेच्या तारेवर त्यांचं बोट अडखळलं. मला कुणी काही बोललं नाही. फोटोत सगळं आलं होतं, भिंतीचे पोपडे, वायरींचं जंजाळ, खांबामागचं सायकलचं चाक. ती पहाट मात्र कुठेच नव्हती. मी माझा उजेड बरोबर नेला होता आणि तिथला विझवून टाकला होता.

त्यानंतर युपिटर घेऊन जातो. झोर्कीबरोबर मिळणाऱ्या एफ ३.५च्या लेन्सपेक्षा ही पाचपटीहून जास्त उजेड आत घेते. चारशे संवेदनशीलतेची कृष्णधवल फिल्म, छिद्र पूर्ण उघडं, वेग सेकंदाचा पंधरावा भाग. खांबाला खांदा टेकवायचा, कोपर बरगडीशी, श्वास सोडून झाला की बटण. पण उजेड जास्त मिळतो त्याचं मोल भरावं लागतं. एक मीटरवर उभ्या माणसाचा जेमतेम साडेतीन सेंटिमीटर खोलीचा पट्टाच स्पष्ट राहतो, दोन बोटांइतका. डोळा धरला तर कान विरघळतो, वीणेची तार धरली तर चेहराच धुक्यात जातो. त्या दोन बोटांच्या जागेत काय ठेवायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. सगळं हवं म्हणणाऱ्यासाठी ही लेन्स नाही.

आणि जे स्पष्ट येतं त्यालाही एक मऊपणा असतो. छिद्र पूर्ण उघडं असताना भिंगाच्या कडेतून येणारे किरण मधल्या किरणांशी अगदी नेमके जुळत नाहीत. म्हणून ज्योतीभोवती, पांढऱ्या पागोट्याच्या कडेला, एक पातळ झळाळी राहते. शास्त्राच्या हिशेबी हा दोष. छिद्र चार-साडेपाचवर आणलं की तो बराचसा निघून जातो. पण पहाटे, डोळ्यांत अजून झोप असताना, समई अशीच दिसते.

मला या बाबतीत एक चित्र नेहमी आठवतं. ३० जानेवारी १९४८. आंरी कार्तिए-ब्रेसाँ त्या दुपारी दिल्लीच्या बिर्ला भवनात गांधीजींना भेटून गेले होते. थोड्याच वेळात गोळ्या झाडल्याची बातमी कळली आणि ते माघारी आले. रात्री फाटकाशी उंचावर उभे राहून नेहरू जमलेल्यांना गांधीजी गेल्याचं सांगत आहेत, त्या क्षणाचं चित्र त्यांनी टिपलं ते एका दिव्याच्या उजेडात. कार्तिए-ब्रेसाँ फ्लॅश वापरत नसत. ते चित्र धूसर आहे, माणसं हललेली आहेत, दिव्याचा पांढरा गोळा पसरला आहे. त्या रात्री देशाला जेवढं दिसत होतं तेवढंच त्यात दिसतं. लख्ख चित्र असतं तर मला ते खोटं वाटलं असतं.

छत्तीस फोटो संपले की रोल न्हाणीघरात धुतो, रात्री. आडाचं पाणी बर्फ टाकून वीस अंशांवर आणायचं, काळ्या पिशवीत हात घालून फिल्म चाचपडत रिळावर चढवायची. तेव्हा डोळ्यांचा काही उपयोग नसतो. फिल्मच्या कडेची भोकं बोटांना वाट दाखवतात. मग टाकी, डेव्हलपर, पाणी, हायपो. ओली फिल्म दोरीला लटकवून मी दिव्यासमोर पाहतो. अंधार तिथे पारदर्शक असतो आणि उजेड काळा. गेल्या कार्तिकाच्या रोलमध्ये अशा स्वच्छ रिकाम्या चौकटीत मूठभर काळं उमटलं होतं: एक ज्योत, एका गालाची कड, तारेवरचं बोट.

त्याची प्रत काढून बुवांना द्यायला गेलो. बुवा आता थकलेत. पडवीत बसले होते. त्यांनी फोटो हात लांब करून धरला, मग जवळ आणला, मग पुन्हा लांब. मीही लेन्सचं कडं असंच मागेपुढे करतो. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. फोटोचा तीन-चतुर्थांश भाग काळाच होता. मला वाटलं, त्यांना काही दिसत नसावं. म्हणून मी पुढे वाकून सांगू लागलो, “बुवा, हे तुमचं बोट…”

“कळलं रे बाबा,” ते म्हणाले. त्यांनी फोटोतल्या काळ्यावरून हलकेच अंगठा फिरवला. “तेव्हा उजेड तेवढाच असतो.”

आणि गाथेचं पान उघडून त्यांनी तो आत ठेवला.