टीचर, आप अभी क्या पढ़ रहे?

ऑक्टोबर महिना लागला की आमच्या हायस्कूलमध्ये मला बोलावणे येते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती, म्हणजे 15 ऑक्टोबर, 2015 पासून महाराष्ट्रातल्या शाळांत वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरी होते. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मी उर्दूही शिकवते आणि मराठीही, म्हणून त्या दिवशीचे भाषण माझ्या वाट्याला ठेवलेले. पहिला ईश्वरी आदेशच 'वाच' असा उतरला, इथून मी सुरुवात करते. मग फळ्यावर पुस्तकांची यादी लिहिते. 'अग्निपंख', 'श्यामची आई', 'बनगरवाडी', प्रेमचंदांची 'ईदगाह', डेप्युटी नजीर अहमद यांची 'मिरातुल उरूस'. मुले वहीत उतरवून घेतात, टाळ्या वाजतात, तास संपतो. यादीतले एक तरी पुस्तक कुणी वाचले का, हे इतक्या वर्षांत मी कधी विचारले नव्हते.

गेल्या वर्षी टाळ्या वाजून झाल्यावर नववीतली एक मुलगी उभी राहिली. अभ्यासात मधली, वर्गात फारशी न बोलणारी. म्हणाली, "टीचर, आप अभी क्या पढ़ रहे?"

साधा प्रश्न. त्यात चेष्टा नव्हती. पण माझी जीभ अडकली. मी त्या दिवसांत काय वाचत होते? शासनाची परिपत्रके, उत्तरपत्रिका आणि मोबाईलवर येणारे निरोप. एखादे पुस्तक सुरू करून शेवटास नेल्याला तीन वर्षे तरी झाली असतील. पन्नास मुले बघत होती. फळ्यावर समोर दिसले ते नाव घेऊन टाकले, "मिरातुल उरूस. दोबारा पढ़ रही हूँ." अल्लाह माफ करो, मी खोटे बोलले. आणि वर त्या मुलीला विचारले, "और तुम?" तिने खाली बघत "कुछ नै टीचर" म्हटले आणि बसली. तीही खोटे बोलत होती, हे मला नंतर कळले.

निदान बोललेले खरे करावे म्हणून त्या रात्री इशानंतर मी कपाटातून 'मिरातुल उरूस' काढली. बीएडच्या काळात घेतलेली प्रत, पाने तपकिरी पडलेली. कपाटाच्या त्याच कप्प्यात माझ्या जहेजमध्ये आलेले 'बहिश्ती जेवर' आहे. तेही आम्ही फार तर घरगुती इलाजांपुरते उघडतो.

मला वाचताना पाहून लेक जवळ आली. ती अकरावीत आहे. पान बघून म्हणाली, "अम्मी, हे कसलं पुस्तक?" मी सांगितले. ती म्हणाली, "मला वाचता आलं असतं तर बरं झालं असतं."

हे वाक्य मी ऐकणार, हे मला बारा वर्षांपासून माहीत होते. उर्दू शाळेत पगार घेणाऱ्या मी माझ्या मुलीला मराठी माध्यमात घातले. पुढे कॉलेजात अडायला नको, हा हिशेब. स्टाफरूममध्ये यावरून मला टोमणे बसले आहेत आणि ते सगळेच चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. घरी आम्ही दखनी बोलतो, त्यात निम्मी मराठी. लेकीला उर्दू ऐकून कळते, पण अक्षर लागत नाही. संध्याकाळी हाफिज साहेबांकडे तिने कुरआन शरीफ पूर्ण केले, अल्हमदुलिल्लाह, पण तिथून उर्दू वाचनाकडे यायचे राहून गेले. भाऊ सौदीत, म्हणून अम्मी माझ्याकडे राहतात. त्यांना उर्दू अक्षर लावून लावून वाचता यायचे, पण आता एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे आणि दुसरा शुगरने अधू केला आहे. एका छताखाली तीन बायका आणि तिघींना मिळून वाचता येईल असे एक पुस्तक नाही, हे मला त्या रात्री पहिल्यांदा नीट दिसले.

"मग तू काय वाचतेस?" मी लेकीला विचारले. तिने दप्तरातून मैत्रिणीकडून आणलेली 'बनगरवाडी' काढली. माझ्याच यादीतले पुस्तक! त्यातला उतारा मी वर्गात शिकवला होता, पुस्तक सबंध कधी वाचलेले नव्हते. हे तिला सांगितले नाही.

पलंगावरून अम्मी म्हणाल्या, "तुम लोगाँ मन में पढ़ते. पहले जैसा जोर से पढ़ो ना."

पहले जैसा म्हणजे कसे, ते सांगायला हवे. आमच्या लहानपणी सोलापुरात गल्लीत घरोघर विड्या वळल्या जायच्या. अब्बा लूमवर आणि अम्मी विडीच्या सुपापुढे. भिजवलेले पान कात्रीने कापायचे, तंबाखू भरायचा, वळायचे, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचे. मजुरी हजारावर. हात दिवसभर गुंतलेले, कान मात्र मोकळे. दुपारी चार-पाच बायका आमच्या ओसरीवर सुपे घेऊन बसत आणि पाचवी-सहावीतली मी त्यांना वाचून दाखवी. चौकात भाड्याने पुस्तके देणारे दुकान होते, दिवसाला आठ आणे. पैसे बायका वर्गणीने काढत. काय आणायचे यावर भांडणे होत. शेजारच्या खालाला इब्ने सफीची 'जासूसी दुनिया' हवी असे, कर्नल फरीदी आणि हमीद म्हणजे जणू तिच्या माहेरचे. दुसऱ्या एका आपाला 'खातून-ए-मशरिक'मधल्या रडवणाऱ्या गोष्टी. पुस्तक निवडताना बायका एकमेकींना जी शिफारस करत, ती मला अजून आठवते. "तेरे को पसंद आयेगा, तेरी सास के जैसीच सास है उसमें." माझ्या फळ्यावरच्या यादीत असे वाक्य एकही नव्हते. 1990 मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन आमच्याच सोलापुरात भरले. पण आमच्या ओसरीवर त्याची खबर नव्हती. तिथे फरीदी कुणाच्या तरी मागावर होता.

तर त्या रात्रीपासून आम्ही मोठ्याने वाचू लागलो. एक दिवस मी 'मिरातुल उरूस', एक दिवस लेक 'बनगरवाडी'. अर्ध्या तासाच्या वर नाही, अम्मींना झोप येते.

'मिरातुल उरूस' 1869 साली निघाली. नजीर अहमद यांनी ती मुळात आपल्या मुलींना वाचायला म्हणून थोडी थोडी लिहिली होती. पुढे सरकारने तिला हजार रुपयांचे बक्षीस दिले. दिल्लीतल्या दोन बहिणींची गोष्ट. थोरली अकबरी अल्लड, भांडखोर. एक हज्जन बनून आलेली बाई तिचे दागिने घेऊन पसार होते. धाकटी असगरी हुशार, सासरचा विस्कटलेला संसार सावरते, घरात मुलींचा मक्तब चालवते. मी हे पुस्तक वर्षानुवर्षे 'असगरीसारख्या व्हा' असे सांगत शिकवले. माझ्या घरात मात्र निकाल उलटा लागला. लेक म्हणाली, "ही असगरी कधी चुकतच नाही. मला तर तिची भीती वाटते." आणि अकबरी नानीच्या लाडाने बिघडली, हा भाग आला तेव्हा अम्मी उठूनच बसल्या. "हाँ, सबका इल्जाम नानी पे! माँ क्या कर रई थी?" लेक हसून लोळली. मी त्या घरातली आई, मी गप्प बसले.

'बनगरवाडी'च्या पाळीला मला धाकधूक होती. व्यंकटेश माडगूळकरांचे 1955 चे पुस्तक, औंध संस्थानातल्या माणदेशी धनगरवाडीत गेलेल्या तरुण मास्तराचे. अम्मींना ही मराठी कशाला झेपते, असे वाटले. पण दुसऱ्याच दिवशी त्या लेकीला दुरुस्त करू लागल्या. "ऐसा नै बोलते गे, धनगर लोगाँ." मग मेंढ्या रात्री कशा बसवतात, वाघर कशी ठोकतात, हुलग्याचे माडगे कसे शिजवतात, हे सगळे सांगितले, तेही दखनीत नाही, ठसठशीत माणदेशी मराठीत. ती मराठी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

पुस्तकात आयबू नावाचा एक मुसलमान आहे, मास्तरच्या मदतीला असणारा. त्याचे नाव आले तसे अम्मी म्हणाल्या, "हमारे अब्बा भी ऐसेच." माझे नाना आटपाडीकडच्या एका वाडीत मुलाणी होते, इतके मला ठाऊक होते. बाकी अम्मींनी कधी सांगितले नव्हते. आता लेकीने विचारले आणि त्या बोलत गेल्या. 1972 च्या दुष्काळात बलुते बंद झाले, कारण द्यायला कुणाच्या खळ्यावर काही नव्हते. शेरडे विकली. सतरा वर्षांच्या अम्मी आपल्या आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. दुपारी सुकडी मिळायची. आपली थोडी पदरात बांधून त्या घरी धाकट्या भावाला आणत. तो भाऊ त्या उन्हाळ्यात गेला. मला एक मामा होता, हे मला माझ्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळले. त्यानंतर घराला कुलूपसुद्धा न लावता ते सोलापूरला आले. "कुलूप काय को? अंदर क्या था?"

लेकीने पुस्तक मिटले होते. तिने नानीचा हात धरला. डाव्या तळहातावर अंगठ्याखाली एक जुना वण आहे. तो कात्रीचा असावा, असे मी आजवर समजत होते.

या सगळ्यात शाळेतली ती मुलगी डोक्यात होतीच. दिवाळीनंतर तिला एकटीला बोलावून सांगितले की त्या दिवशी मी काहीच वाचत नव्हते. तिने माझ्याकडे असे पाहिले, जसे काही मी पेपर फोडून दिला. मग दोन दिवसांनी वर्तमानपत्राचे कव्हर घातलेला एक डायजेस्ट माझ्या टेबलावर ठेवला. वाचला तर मुलगी बिघडेल, या भीतीने घरी मागचा अंक चुलीत गेला होता, म्हणून कव्हर. "आप पढ़ो टीचर. तीसरी कहानी." मी वाचली. ती कथा फार चांगली नव्हती, पण तिच्यातली मुलगी बारावीनंतर शिकायचे म्हणून घरच्यांना कसे मनवते, ते बारकाईने लिहिले होते. तिने मला तीच का वाचायला सांगितली, ते कळले. तिच्या अम्मीला मी भेटायला गेले. पुस्तकाचा विषय काढला नाही, दहावीनंतरचा काढला. बोलणे अजून चालू आहे.

यंदा 15 ऑक्टोबरला फळ्यावर यादी लिहिली नाही. हातात असलेले पुस्तक घेऊन या, असे सांगितले. कुणी 'किशोर'चे जुने अंक आणले, कुणी मोठ्या भावाचे आयटीआयचे वायरमनचे पुस्तक आणि त्यातले अर्थिंग अर्ध्या वर्गाला समजावून दिले. निम्म्या मुलांच्या हातात काहीच नव्हते, तेही बरे झाले, कळले तरी.

'बनगरवाडी'ची थोडी पाने उरली आहेत. पाऊस येत नाही आणि वाडी हवालदिल होते, तिथवर आलो तेव्हा अम्मी म्हणाल्या, "बस, अब नक्को." लेकीने खूण म्हणून गोळ्यांची रिकामी पट्टी पानात घातली. पुस्तक तीन आठवडे तसेच अम्मींच्या उशाशी आहे. मैत्रिणीने परत मागितले, तर लेकीने तिला नवी प्रत घेऊन दिली. पुढचे तिने एकटीने वाचून टाकले आहे, पण सांगत नाही.

परवा फजरनंतर तसबीह फिरवता फिरवता अम्मींनी मला विचारले, "वो मास्तर भी गया क्या गे, गाँव छोड़ के?"

"मालूम नै अम्मी," मी म्हटले. "मैं वो किताब पूरी पढ़ीच नै अबतक." हे मात्र खरे होते.

त्या थोडा वेळ थांबल्या. मग उशाशी चाचपून पुस्तक माझ्याकडे सरकवले.