आमच्या फियाटचा डॅशबोर्ड

जुन्या घराची दुरुस्ती आरंभिली म्हणजे कोठें थांबावयाचें हें आधींच ठरवून ठेवावें लागतें. जुन्या मोटारीचेंहि तसेंच आहे. नशिराबादच्या आमच्या वाड्यांत उभी असलेली फियाट १९६८ सालची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या या कंपनीची हीच गाडी पुढें ‘पद्मिनी’ झाली, आणि मुंबईच्या रस्त्यांवरून तिची अखेरची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. तेव्हांपासून पाहुणेमंडळी आमच्या गाडीकडे अधिक आदरानें पाहूं लागली आहेत. तिचा डॅशबोर्ड मात्र आदर करण्याजोगा उरला नव्हता.

खानदेशचा उन्हाळा वाचकांस सांगावयास नको. वैशाखांत पारा पंचेचाळिसाच्या घरांत जातो, आणि बंद गाडींत कांचेखालीं तर भट्टीच! रेक्झिनला मऊपणा देणारें द्रव्य या उष्णतेनें वर्षानुवर्षें निघून जातें; मग तें आक्रसतें आणि आमच्या काळ्या शेतांसारखें भेगाळतें. परंतु भेगा हें निमित्त. खरी काळजी आंतल्या तारांची होती. त्यांचें वेष्टन बोट लावतांच खपलीसारखें गळे. दोन उघड्या तारा एकमेकींस लागल्या तर गाडी पेटावयास वेळ तो कितीसा?

पुतण्या म्हणे, संबंध डॅशबोर्डच नवा बसवूं. उजेडाचे आकडे, मध्यें गाण्याची सोय. काकूंनीं एवढेंच विचारलें, “आकडा तोच राहील ना रे?”

काका डॉक्टर होते. भादली, आसोदें, रात्रींअपरात्रीं कोठूनहि निरोप आला कीं हीच गाडी निघे. त्यांच्या अखेरच्या फेरीनंतर किलोमीटरांचा आकडा जेथें थांबला, तेथेंच सहा वर्षें होता. नवें यंत्र आलें असतें तर तेथें शून्य दिसलें असतें. पुतण्याचें म्हणणें गैर नव्हतें; पण मीं काकूंचा पक्ष घेतला, आणि घरांत दोन दिवस जेवतांना कोणी फारसें बोललें नाहीं.

काम जळगांवच्या एका वृद्ध मिस्त्रींनीं केलें. प्रथम बॅटरी सोडविली. मग एकेक तार काढण्यापूर्वीं तिला चिठ्ठी बांधली. रुसलेल्या पुतण्यानें आपण होऊन मोबाइलवर छायाचित्रें घेतलीं, तीं जोडणीच्या वेळीं फार उपयोगीं पडलीं. वेगदर्शकाची केबल गिअरपेटीकडून येते. ती मागून हात घालून हळूच फिरवून सोडवावी लागते. ओढाल तर तुटते. आंत कुंभारणीचें मातीचें घर सांपडलें, आणि रेक्झिनखालचा पत्रा कांचेच्या बाजूनें गंजलेला. कांचेचें रबर झिजून पावसाचें पाणी आंत मुरत होतें. तें न बदलतां नवें रेक्झिन चढविणें म्हणजे ओल्या भिंतीस चुना देणें! तेव्हां रबर नवें, तारा नव्या, आच्छादन नवें, वेगदर्शक जुनाच. मिस्त्रींनीं आकड्यांचीं चाकें पुसण्यापुरतींहि हलविलीं नाहींत.

गाडी सुरू झाली त्या दिवशीं काकूंना पुढें बसविलें. भादलीच्या वाटेवर शेवटचा आकडा हळूहळू वर सरकूं लागला. मी गाडी थांबविणार होतों.

“थांबवूं नको,” काकू म्हणाल्या, “चालूं दे.”