झोपेसाठी घेतलेला घोट



मद्य हे सप्तव्यसनांपैकी एक, हे आपण पाठशाळेतच शिकलो. त्यामुळे आपल्या घरांत हा विषय निघतच नाही. निघालाच, तर दार लावून.

माझ्या नात्यातला एक मुलगा कारखान्यात रात्रपाळी करायचा. सकाळी घरी आला की झोप येईना. कुणीतरी सांगितलं, थोडी घे, पडल्या पडल्या झोपशील. झोपलाही. दोन वर्षांत ती ‘थोडी’ रोजची झाली.

आपल्या मेंदूत एक घड्याळ असतं. सकाळचा उजेड ते रोज जुळवतो. अंधार पडला की मेलाटोनिन स्रवतं आणि झोप येते. पेशींमधल्या या घड्याळाचं काम उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ साली नोबेल मिळालं. दारूने डोळा लवकर लागतो, पण ती उतरू लागली की झोप मोडते. माणूस थकलेलाच उठतो आणि पुन्हा झोपेसाठी बाटलीकडेच जातो. उलटही घडतं: २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, या घड्याळाचा एक जनुक बिघडलेले उंदीर जास्त दारू प्यायले.

रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. हातपाय थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं, प्रसंगी जिवावर बेततं. आधी डॉक्टर. त्याचंही तसंच केलं.

दारू सुटली, पण झोप लगेच परतली नाही. ती कित्येक आठवडे, कधी महिने विस्कटलेली राहते आणि मन तिथेच डळमळतं. त्याने दिवसपाळी मागून घेतली. आईने उठायची वेळ ठरवली, सकाळी गच्चीवर उन्हात चहा, रात्री फोन बाहेरच्या खोलीत. सुट्टीच्या दिवशी सूर्यास्तापूर्वी सगळ्यांबरोबर जेवण. हा नियम आपण जीवदयेसाठी पाळतो, औषध म्हणून नव्हे. पण त्याच्या विस्कटलेल्या दिवसाला त्याने एक काठ मिळाला.

त्या वर्षी दशलक्षण पर्वात त्याची आई लाजेपोटी प्रवचनाला आलीच नाही. तुमच्याही मंदिरात कुणी अचानक दिसेनाशी झाली असेल, तर तिच्या घरी जाऊन या. काही विचारू नका, नुसतं बसा.