ओंजळभर पाण्यातले घर

माणसांचे फोटो काढण्यात एक मोठी सोय असते. "जरा इकडे बघा" म्हटले की माणूस इकडे बघतो, "हसा" म्हटले की हसतो. निदान तसा प्रयत्न तरी करतो. पण रानातल्या फुलाला सांगून पाहा की बाबा रे, क्षणभर हलू नकोस! नेमका त्याच क्षणी वारा येतो. तरीही रानफुले, रानफळे आणि किडामुंगी यांचे फोटो काढण्याचे वेड मला लागले, ते काही सुटत नाही.

या वेडापायी गेल्या जूनमध्ये आंबोलीला गेलो. सावंतवाडीहून तीसएक किलोमीटरचा रस्ता. दाणोली मागे पडली आणि गाडी घाट चढू लागली, तसे धुके काचेला येऊन टेकले. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे, आणि इथला पाऊस तर महाराष्ट्रात नावाजलेला. ज्यांच्या घरी उतरलो त्या काकांनी चहा पुढे करीत विचारले,

"पावस बगूक इल्यात?"

"नाही काका, फोटो काढायला."

"धबधब्याचे?"

"करवंदांचे."

काकांनी माझ्याकडे पाहिले, मग कॅमेऱ्याकडे पाहिले, आणि काही न बोलता चहात आणखी एक चमचा साखर घातली.

करवंदांचा हंगाम सरत आला होता. तरी घरामागच्या एका जाळीवर हिरवी, लाल आणि काळी अशी तिन्ही रंगांची फळे एकाच झुबक्यात सापडली. असा फोटो उन्हात साधत नाही. काळ्याभोर सालीवर पांढरा चट्टा उमटतो आणि रंग मरतो. ढगाळ आभाळाचा मऊ उजेडच इथे उपयोगी. पण जवळून फोटो घेताना दुसरीच अडचण येते. भिंग जितके जवळ न्यावे, तितकी स्पष्ट दिसणारी पट्टी बारीक होत जाते. करवंद स्वच्छ आले तर देठ पुसट. भिंगाचे छिद्र लहान करावे तर उजेड कमी पडतो. उजेडासाठी वेळ वाढवावा तर वारा आडवा येतो. अर्ध्या तासाने एक फोटो मनासारखा जमला. मग ते काळे करवंद मी खाऊन टाकले. माणसांच्या फोटोत ही सोय मात्र नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्वतःच म्हणाले, "चला, सड्यार जाव या." सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. उन्हाळ्यात तव्यासारखे तापणारे हे पठार पहिल्या पावसात जागे होते. वाटेच्या कडेला रानहळदीचे गुलाबी तुरे वर आले होते. सड्यावर जागोजाग खळगे पाण्याने भरले होते. कुठे परातीएवढे, कुठे नुसते ओंजळभर. आणि एका खळग्याच्या काठावर तो बसला होता. अंगठ्याच्या पेराहून थोडा मोठा, पिवळसर अंगाचा आणि कुशीवर पट्टे असलेला भेक.

माझ्या छातीत धडधडू लागले. हा आंबोलीचा भेक. शास्त्रज्ञांनी २००९ साली त्याचे वर्णन केले आणि पट्ट्यांवरून त्याच्या शास्त्रीय नावात वाघाची आठवण ठेवली. त्याचा मुलूख इतका चिमुकला, की जगातल्या अत्यंत धोक्यात असलेल्या प्राण्यांत त्याची गणना होते. लहान प्राण्याचा फोटो त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्यावा, हा आमच्या शास्त्रातला पहिला नियम. मी घाईघाईने ट्रायपॉडचे पाय फाकवले आणि पोटावर आडवा होऊ लागलो.

"थांबा! तां नुसतां पाणी न्हय, त्येंचां घर आसा!"

काकांचा आवाज इतका करडा होता की मी तसाच वाकून थिजलो. ट्रायपॉडचा एक पाय शेजारच्या खळग्यात टेकला होता. डोळे सरावले तेव्हा दिसले, की त्या बोटभर पाण्याच्या तळाशी मोहरीएवढ्या दाण्यांचा एक चिकट पुंजका होता. ती अंडी होती. पाय अगदी अलगद उचलला, तरी त्याच्या रबरी टोपीला चारपाच दाणे चिकटून आले.

जगात इतकी मोठी तळी असताना अंडी असल्या डबक्यात का घालावीत? कारण तळ्यात मासे असतात. दगडावरच्या डबक्यात ते नसतात. पण पावसाने चार दिवस ओढ दिली की डबके आटते आणि सारा संसार वाळून जातो. मासा नको आणि ऊनही नको, अशा चिंचोळ्या फटीतून हा जीव आपला वंश पुढे नेतो. त्या फटीत आता मी माझा ट्रायपॉड घातला होता. तोही त्याच्यावर माझे प्रेम आहे म्हणून!

मी ते दाणे पाण्यात परत सोडले. त्यांचे पुढे काय झाले असेल, याविषयी मनाची समजूत घालण्यात अर्थ नाही. मग मागे सरकून कोरड्या दगडावर बसलो आणि उभ्या भिंगातून लांबूनच एक फोटो घेतला. भेक इवलासा आला आहे, वरून घेतल्यासारखा दिसतो आणि काठाशी धुके आहे. स्पर्धेत पाठवण्याजोगा तो नव्हे.

परतताना काका म्हणाले, "रातचे गाडये येतत, रस्त्यार कितीक चिरडतत. तुमी निदान थांबल्यात तरी." त्यांनी माझी समजूत काढली, की मला चिमटा घेतला, हे मला अजून कळलेले नाही.

घरी करवंदांच्या फोटोची फार वाहवा झाली. भेकाच्या फोटोत काय आहे, हे मात्र प्रत्येकाला बोटाने दाखवावे लागते. येत्या पावसाळ्यात आपण कॅमेरा घेऊन सड्यावर जाल, तर जरूर जा. रात्री घाटात गाडी हळू हाका. बेडूक उचलून पानावर बसवू नका. तो जिथे आहे तिथेच चांगला दिसतो. आणि डोळा भिंगाला लावण्याआधी एकदा आपल्या पायांखाली पाहा.