मंचरचा सूर्यास्त आणि ब्रॅम्प्टनचा सूर्यास्त

पुणे-नाशिक मार्गावरील मंचरच्या बाजारपेठेत सकाळी साडेआठच्या सुमारास एखाद्या गादीवर फोन वाजतो. मुनीमजी आवक किती, भाव काय निघाला, कोणाची उधारी आली हे सावकाश सांगू लागतात. शेजारच्या दुकानदारांना मग वेगळे विचारावे लागत नाही. शेठजी अद्याप कॅनडातच आहेत. तिकडे रात्रीचे दहा वाजलेले असतात.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील व्यापारी घराण्यांना दूरदेशीची ये-जा नवी नाही. नाणेघाटातून कल्याण बंदराचा माल वर चढत असे, तेव्हा जुन्नरला परदेशी यवनही येऊन राहिले. येथील लेण्यांतील शिलालेखांत त्यांच्या दानांची नोंद आहे. एकाने पाण्याची टाकी खोदविली, दुसऱ्याने भोजनमंडप दिला. येथले ऊन आणि येथली भाकरी त्यांना कितपत मानवली, हे मात्र कोणी कोरून ठेवले नाही. किरकोळ कटकटींना शिलालेखात जागा नसते.

मंचरचे हे आडतदार ऑक्टोबरात पत्नीसह टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनला मुलाकडे गेले. सुपर व्हिसावर आई-वडिलांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. त्यासाठी किमान एक लाख डॉलरचा आरोग्यविमा काढावा लागतो. त्या विम्याचा हप्ता पाहून शेठजींनी प्रथम कपाळाला हात लावला आणि मग तो निमूटपणे भरला.

पहिली कटकट कढईवरून झाली. दुकानात चिठ्ठी होती 19.99 डॉलरची, गल्ल्यावर मागितले 22.59. तेरा टक्के कर चिठ्ठीत धरलेलाच नव्हता. शेठजींनी रोख पैसे काढले, तर रक्कम 22.60 झाली, एक सेंटचे नाणे 2013 पासून वितरणातून बंद असल्याने रोखीत पाच सेंटच्या पटीत हिशेब होतो. एका सेंटचे दुःख नव्हते. पण ज्या माणसाने चाळीस वर्षे ‘सर्व करांसहित’ छापलेल्या किमतीवर माल विकला, त्याला किंमत सांगून वर कर मागणे हा शब्द फिरविण्याचा प्रकार वाटला. नाणेघाटातील दगडी रांजण जकातीचा होता अशी परंपरा आहे. तो निदान वाटेवर सर्वांना दिसेल असा ठेवलेला आहे.

बाकीच्या अडचणी पत्नीच्या वाट्याला आल्या. मोहरीची फोडणी दिली की छतावरचा धुराचा भोंगा घरभर कोकलू लागे. पावाच्या आणि चीजच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे इंग्रजीत व फ्रेंचमध्ये होती. त्यांत जिलेटिन किंवा प्राणिज रेनेट दडलेले नाही ना, हे नातीकडून वाचवून घ्यावे लागे. ओल्या कचऱ्याचा हिरवा डबा रात्री रॅकून नावाचा प्राणी उलटवून जाई. उसातल्या बिबट्याच्या धाकाने अंधार पडताच दार लावून घेणाऱ्या जुन्नरकडच्या माणसांना या मांजराएवढ्या चोराचे हसू आले, पण सांडलेला कचरा बर्फातून वेचताना ते ओसरले.

खरी अडचण सूर्याची होती. मंचरला वर्षभरात सूर्यास्त साधारण सव्वा तासच मागे-पुढे होतो. त्यामुळे चौविहार पाळणाऱ्या घराचे घड्याळ सहसा बिघडत नाही. दुकानातून मधेच उठून जेवून यावे, पुन्हा गादीवर बसावे. ब्रॅम्प्टनला जूनमध्ये नऊ वाजता सूर्य मावळतो. तेव्हा सारे घर एका पंगतीला बसू शकते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मात्र घड्याळ एक तास मागे जाते आणि डिसेंबरात तर पावणेपाचच्या आत दिवस संपतो. मुलगा-सून कामावरून सहानंतर घरी येत. म्हणजे ज्यांच्यासाठी समुद्र ओलांडला, त्यांच्याबरोबरच जेवता येईना.

सून समंजस होती. तिने एकदा हळूच सुचविले, “पप्पा, प्रवासात असतो तसं धरून हिवाळ्यापुरती सूट घेतली तर?” शेठजी रागावले नाहीत. पण दुसऱ्या दिवशीही चार वाजता त्यांचे ताट मांडले गेले. नात पावणेचारला शाळेच्या बसमधून उतरत असे. आठ दिवसांनी तिने आपलेही ताट शेजारी मांडून घेतले. कोणी तिला सांगितले नव्हते. फोनवर सूर्यास्ताची वेळ पाहायची आणि आजोबांना मिनिटासह कळवायची, हे काम तिने स्वतःकडे घेतले. बटाटा का खायचा नाही, असे तिने विचारले, आंबेगावचे सातगाव पठार बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे आणि दादाजींच्या आडतीत त्याच्या गोण्या येतात, हे ऐकल्यावर तिने विचारले, “मग विकायचा का?” शेठजींनी पाण्याचा घोट घेतला. हा प्रश्न मंचरमध्ये त्यांना कोणी विचारला नव्हता.

फेब्रुवारीत मुलाने मनातले बोलून दाखविले. गाळा भाड्याने द्यावा, मुनीमजींना त्यांचे देणे द्यावे आणि दोघांनी कायमचे इकडे राहावे. आईचे गुडघे आता जिने चढत नाहीत. तिथे रात्री-बेरात्री कोण आहे? त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याने भाडेकराराचा मसुदाही मागवून ठेवला होता. शेठजींनी तो दोनदा वाचला, एका कलमातील रकमेची चूक काढली आणि घडी घालून पिशवीत ठेवला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोघे परतली. पहिल्या संध्याकाळी सव्वासहाला शेठजी पानावर बसले, तोच फोन वाजला. तिकडे सकाळचे पावणेआठ झाले होते, नात शाळेला निघाली होती.

“दादाजी, आज तुमचा सूर्यास्त किती वाजता?”

शेठजींनी भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिले. मसुदा अजून पिशवीतच होता.