पत्ता बघून पगार

प्रिय,

बोलता बोलता फोन बंद पडला म्हणून रुसलीस ना? अगं, लाइट गेली होती! पाऊस असा कोसळत होता, की अंगणातली विहीरसुद्धा दिसेना. सॅन फ्रान्सिस्कोत राहून पाऊस विसरलीस की काय? लोकलच्या दारात उभं राहून मळवली येईपर्यंत ओढणी चिंब करून घेणारी तूच ना ती?

तर अर्धवट राहिलेली गोष्ट. परदेशी कंपनीतल्या घरबसल्या नोकरीची मुलाखत फार छान झाली. शेवटी पगाराचा विषय निघाला आणि पहिलाच प्रश्न आला, राहता कुठे? लोणावळा त्यांच्या तक्त्यात सापडेना. बरीच शोधाशोध झाली आणि मला ‘उर्वरित भारत’ या ओळीत बसवलं. शेजारच्या काकू इथेच शेंगा सोलत होत्या. "चिक्की कधी खाल्ली नाही का यांनी?" म्हणून त्या माझ्यापेक्षा जास्त चिडल्या.

तुला सांगते, हिशेब कळला तेव्हा वाईटच वाटलं. काम तेच, जबाबदारी तीच, पण पगाराला गावाचा गुणक. गिटलॅब या कंपनीने हे गणित पूर्वीच जगासमोर उघड मांडलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोचा पगार पाया धरायचा आणि त्या त्या गावच्या बाजारात तसा माणूस कितीला मिळतो, त्यावरून गुणक ठरवायचा. म्हणजे माझा खर्च किती, हा प्रश्नच नाही; मी कितीला मिळेन, एवढंच. पण थर्टीसेव्हन सिग्नल्स ही कंपनी माणूस कुठेही राहो, सॅन फ्रान्सिस्कोच्याच दराने पगार देते. दुसरी रीत चालते गं, कुणीतरी चालवून दाखवली आहे.

परवा तू तिथल्या इंद्रायणी तांदळाचा भाव सांगितलास, तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. 1987 साली आपल्या मावळातच तयार झालेलं हे वाण. समुद्र ओलांडला की त्याचा भाव चढतो. माझं काम तोच समुद्र ओलांडतं, आणि त्याचा उतरतो.

बाबांनी आयुष्यभर केंद्र सरकारची नोकरी केली. ते म्हणाले, "आमच्यात सारख्या पदाला मूळ वेतन देशभर एकच. बदलतो तो घरभाडे भत्ता." 2024 पासून मोठ्या शहरांत मूळ वेतनाच्या 30 टक्के आणि लहान गावांत 10. मला हे इतकं पटलं, की रात्रीच कंपनीला लिहिलं: घरभाडं इथलं धरा, पण मूळ वेतन सगळ्यांचं एकच ठेवा. लॅपटॉप, इन्व्हर्टरची बॅटरी, तुझ्याकडे यायचं विमानाचं तिकीट, यातलं काय लोणावळ्याला म्हणून स्वस्त मिळतं? आणि शनिवार-रविवारच्या बंगल्यांमुळे इथली भाडी कुठे पोचलीत, ते तुझ्या आईलाच विचार.

गुरुवारी उत्तर येईल. त्यांच्याकडे सकाळ असेल तेव्हा इथे रात्र, म्हणून काकू आत्तापासूनच जागायला येणार म्हणताहेत, शेंगांची पाटी घेऊन. तूही जागी राहा. लाइट असली तर लगेच फोन करते.

तुझीच